हायब्रिड कॅम्रीचा खरा खर्च: पेट्रोलचा हिशेब आणि त्यापलीकडचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गाडीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. घर कोथरूडला, ऑफिस खराडीला. रोजचे पस्तीस-छत्तीस किलोमीटर, महिन्यातून एकदा कोल्हापूरला आई-वडिलांकडे, अधूनमधून मुंबई विमानतळ. सगळं मिळून महिन्याला १५०० किलोमीटर. समोर आहे २०२० च्या सुरुवातीला पासिंग झालेली टोयोटा कॅम्री हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली), एकाच मालकाची, ६२ हजार किलोमीटर चाललेली, मागणी २२ लाख. दुसरा विचार नव्या कॅम्रीचा आहे, आणि टोयोटाच्याच महागड्या ब्रँडच्या, लेक्ससच्या ईएस ३००एच बद्दलही तुम्ही विचारलंय. आणि तुमचे मेहुणे म्हणतात, त्याच पैशांत जुनी जर्मन डिझेल घ्या. तुम्हाला जाणून घ्यायचंय की कंपनीचं तेवीसचं ॲव्हरेज खरंच मिळतं का, बॅटरी गेली तर किती लाखांचा फटका बसेल, आणि पाच वर्षांचं सगळं धरलं तर ही गाडी परवडते का.

मी एकवीस वर्षं गाड्यांच्या दुरुस्तीत आहे आणि गेली नऊ वर्षं बहुतेक काम हायब्रिडचंच करतो. माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी एक वही ठेवायला लावतो: टाकी फुल केली की लिटर आणि किलोमीटर लिहायचे, बाकी काही नाही. खालचे ॲव्हरेजचे आकडे त्या वह्यांवरून सांगतोय.

थेट उत्तर आधी देतो. तुमच्या वापरात १७ धरा. बॅटरीची लोक घेतात तेवढी धास्ती घ्यायचं कारण नाही, पण तुम्ही बघताय त्या गाडीच्या बॅटरीवर वॉरंटी आहे असं जे तुम्हाला सांगितलं गेलंय ते तपासून घ्या, माझ्या मते ते चुकीचं आहे. आणि पेट्रोल हा या गाडीचा सगळ्यात मोठा खर्च नाही.

आता ॲव्हरेज. २०१९ च्या जानेवारीत ही गाडी आली तेव्हा कंपनीचा आकडा लिटरला २३.२७ किलोमीटर होता. तो खोटा नाही, पण तो चाचणीचा आकडा आहे. ही चाचणी रोलरवर होते, एसी बंद असतो, वेग ९० च्या वर जात नाही, सरासरी वेग तीसच्या आसपास राहतो, चढ नाही, खड्डा नाही, मागच्या सीटवर माणसं नाहीत. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत एसी आणि हायवेचा जास्त वेगही धरतात. तिथे याच पिढीच्या, अठरा इंची चाकं असलेल्या कॅम्री हायब्रिडला गॅलनला ४६ मैल मिळाले, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साडेएकोणीस. पुण्यातली गर्दी, मे महिन्यातला एसी आणि स्पीडब्रेकर धरले की हा आकडा आणखी उतरतो. वह्यांमध्ये मला शहरात १६ ते १८ दिसतात, शांत हाताने चालवणाऱ्याला १९, आणि फक्त डेक्कनपर्यंत जाऊन येणाऱ्याला १२-१३.

हे शेवटचं वाचून तुम्हाला नवल वाटेल, कारण सगळ्यांनी ऐकलेलं असतं की हायब्रिड शहरात जास्त देते. देते, पण इंजिन गरम झाल्यावर. सकाळी गाडी सुरू केली की बॅटरी भरलेली असली तरी इंजिन काही मिनिटं चालतंच, कारण सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय धूर स्वच्छ होत नाही. तीन किलोमीटरच्या फेरीत निम्मा प्रवास त्या तापण्यातच जातो. तुमची फेरी अठरा किलोमीटरची आहे, त्यामुळे तुम्हाला हा त्रास नाही. उलट कर्वे रोड, संचेतीचा पूल, येरवडा, नगर रोड असा सिग्नलमागून सिग्नलचा रस्ता या गाडीला मानवतो.

का मानवतो, ते थोडं सांगतो. या गाडीचं अडीच लिटरचं इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं आहे. त्यात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, त्यामुळे जोर थोडा कमी मिळतो पण पेट्रोलमधली ऊर्जा जास्त कामी येते. कंपनी या इंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता ४१ टक्के सांगते, पेट्रोल इंजिनासाठी हा फार वरचा आकडा आहे. कमी पडलेला जोर इलेक्ट्रिक मोटर भरून काढते. इंजिन १७८ पीएसचं (पीएस हे हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप), मोटरसकट एकूण २१८. सिग्नलला उभे राहिलात की इंजिन बंद होतं. एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नाही, विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही गार हवा येत राहते. बॅटरी उतरली की इंजिन दोन-तीन मिनिटं चालतं आणि पुन्हा थांबतं. साध्या अडीच लिटरच्या पेट्रोल गाडीत एसी लावून तासभर गर्दीत उभं राहिलं तर एक लिटरच्या आसपास पेट्रोल जागच्या जागी जळतं. तुम्ही रोज दोन-अडीच तास त्या रस्त्यावर असता, त्यातला निम्मा वेळ उभे असता. बचत होते ती तिथे.

आणि ब्रेक. ब्रेकचं पेडल हलकं दाबलं की पॅड डिस्कला लागतच नाही, मोटर जनरेटरसारखी चालून वीज तयार करते आणि गाडी हळू होते. जोरात दाबलं की पॅड लागतो आणि ती ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. म्हणून माझा एकच आग्रह असतो: पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय अलगद ब्रेकवर आणा. एका डॉक्टर गिऱ्हाइकाची गाडी त्यांचा ड्रायव्हर चालवायचा, ॲव्हरेज १४.८ होतं. मी एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसून फक्त एवढंच शिकवलं. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी १६.९ आली. दुसरं काहीही बदललं नव्हतं.

हायवेचं गणित वेगळं आहे. ताशी शंभरने एकसारखं चालताना हायब्रिडला परत मिळवायला काही उरत नाही, ती साधी, चांगल्या इंजिनाची पेट्रोल गाडी होते. पुणे-कोल्हापूर ९० ते १०० च्या वेगात मला १८ च्या आसपास दिसतात. १२० ने गेलात तर हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अशा हाताला १४-१५ च मिळतात. वर १२० ही त्या रस्त्याची कायदेशीर मर्यादाही नाही.

घाटाबद्दल एक गैरसमज पक्का आहे, की उतारावर बॅटरी भरते म्हणजे चढाचं पेट्रोल परत मिळतं. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. माणसं आणि सामान धरून साडेसतराशे-अठराशे किलोची गाडी तेवढी उतरते तेव्हा अडीच युनिटपेक्षा जास्त वीज तयार होऊ शकेल इतकी ऊर्जा असते. तिच्यातली काही हवेत आणि टायरमध्ये जाते. पण या कॅम्रीची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी २४५ व्होल्ट आणि साडेसहा अँपिअर-तासांची, म्हणजे एकूण १.६ युनिटची आहे. त्यातही संगणक तिला पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण उतरू देत नाही, फक्त मधला पट्टा वापरतो. म्हणून ती निम्म्या घाटातच भरते. पुढे गाडी इंजिनाच्या आधारावर उतरते आणि इंजिनाचा आवाज अचानक चढतो. तो बिघाड नव्हे. गिअर लिव्हर इंजिनाचं ब्रेकिंग वाढवणाऱ्या स्थितीत टाका आणि शांतपणे उतरा, ब्रेक तापणार नाहीत. चढावर याच्या उलट: बॅटरी लवकर रिकामी होते आणि इंजिन एका सुरात वर फिरत राहतं. त्या आवाजाची सवय करून घ्यावी लागते. ज्यांना ती होत नाही त्यांनी ही गाडी घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो.

इथेनॉलचाही भाग आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत वीस टक्क्यांच्या मिश्रणात सहा-सात टक्के आणि दहा टक्क्यांच्या मिश्रणाच्या तुलनेत तीन-साडेतीन टक्के ऊर्जा कमी. २०२० मध्ये ज्या मालकाला १८ मिळत होते त्याला आज साडेसतराच मिळणार. त्यात मेकॅनिकची चूक नाही आणि गाडीचीही नाही. गाड्या एप्रिल २०२३ पासून या इंधनाला चालणाऱ्या रबर-प्लॅस्टिकच्या भागांसह येऊ लागल्या, तुमची त्याआधीची आहे. म्हणून वर्षातून एकदा इंधनाच्या नळ्या आणि सील बघून घ्या, आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरायची गरज नाही, ९१ ऑक्टेन या इंजिनाला पुरतं.

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. माझ्या वह्यांमध्ये तो टाकी ते टाकीच्या हिशेबापेक्षा अर्धा ते एक किलोमीटर जास्तच असतो.

आता पैशांत. हिशेबासाठी पेट्रोल १०४ रुपये धरतो. १७ च्या ॲव्हरेजने किलोमीटरला ६ रुपये १२ पैसे. वर्षाला १८ हजार किलोमीटर म्हणजे १,१०,००० रुपये. याच आकाराची आणि ताकदीची साधी पेट्रोल गाडी तुमच्या रस्त्यावर साडेनऊ देईल, तिला वर्षाला १,९७,००० लागतील. फरक ८७ हजारांचा. पाच वर्षांत चार लाखांच्या वर. ही बचत खरी आहे आणि मी ती डोळ्यांनी पाहिलेली आहे.

मेहुण्यांच्या डिझेलशी तुलना केली तर फरक एवढा नाही. दोन लिटरची डिझेल सेदान तुमच्या वापरात साडेबारा देईल, डिझेल ९१ रुपये धरलं तर वर्षाला १,३१,०००. म्हणजे हायब्रिड फक्त २१ हजारांनी स्वस्त. पण डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा डीपीएफ असतो, आणि ती काजळी जळायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात धावावी लागते. कोथरूड ते खराडी रस्त्यावर तशी संधी मिळत नाही. डीपीएफ, इंजेक्टर, टर्बो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: सहा-सात वर्षांच्या महागड्या डिझेलमध्ये यातली एक जरी गोष्ट गेली तरी तुमचं वर्षाचं पेट्रोल निघून जाईल एवढं बिल येतं. कॅम्रीत स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही, पट्टा बदलायचा नाही, गिअरबॉक्स म्हणजे ग्रहमालेसारखे दात असलेला एक संच आणि दोन मोटरी. मोडायला भागच कमी. तुमचा वापर महिन्याला चार हजार किलोमीटर हायवेचा असता तर मी मेहुण्यांच्या बाजूने बोललो असतो.

मग बॅटरी. तुम्हाला विकणाऱ्याने 'आठ वर्षांची वॉरंटी आहे, २०२८ पर्यंत काळजी नको' असं सांगितलंय. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी टोयोटाने भारतात १ ऑगस्ट २०२१ पासून सुरू केली. त्याआधी ती तीन वर्षं किंवा १ लाख किलोमीटर होती. तुमची गाडी २०२० ची आहे, म्हणजे हिशेबाने ती २०२३ मध्येच संपली. मधे कुणी वाढीव वॉरंटी विकत घेतली असेल तर वेगळी गोष्ट. चेसिस नंबर देऊन अधिकृत शोरूमकडून लेखी उत्तर घ्या, तोंडी नको. सौद्यात हा तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

वॉरंटी नसली म्हणजे बॅटरी जाणारच असं नाही. या पिढीच्या कॅम्रीत ती मागच्या सीटखाली असते आणि केबिनमधली हवा ओढून तिला गार ठेवणारा पंखा असतो. ती हवा आत जाते ती मागच्या सीटच्या पायथ्याच्या जाळीतून. जाळीमागे छोटा फिल्टर असतो. तो साफ करायचा खर्च नाही आणि वेळ वीस मिनिटं. तरीही चार गाड्यांतली एक माझ्याकडे अशी येते की तो फिल्टर गाडी विकत घेतल्यापासून कुणी काढलेलाच नाही.

गेल्या मे महिन्यात एक गाडी आली होती. तक्रार: ॲव्हरेज १७ वरून १३ वर आलं, आणि मागून घोंघाट येतो. मागची सीट काढली. फिल्टर मुळात करड्या रंगाचा असतो, हा लोकरीच्या तुकड्यासारखा झाला होता. त्यावर लॅब्रेडॉरचे पांढरे केस, चिवड्यातल्या शेंगदाण्याची सालं, आणि पुण्याची ती पिठासारखी बारीक धूळ, बोटाने खरवडली तर पापुद्रा निघेल इतकी. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता आणि हवा मात्र आत जात नव्हती. बॅटरी तापली की संगणक तिला जपण्यासाठी मोटरचा वापर कमी करतो आणि इंजिनावर भार टाकतो, म्हणून ॲव्हरेज पडलं. जाळी साफ केली, पंख्याची पाती ब्रशने झाडली, बॅटरीचे ब्लॉक, म्हणजे सेलचे गट, स्कॅनरवर तपासले. नशिबाने एकही ब्लॉक बाकीच्यांपेक्षा कमकुवत झाला नव्हता. दोन आठवड्यांनी त्यांची वही पुन्हा साडेसोळावर आली. असं आणखी वर्षभर चाललं असतं तर मात्र बॅटरीच बदलावी लागली असती. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला फिल्टर समोर उभं राहून काढायला लावा, आणि मागच्या सीटवर पिशव्या, चादरी ठेवून जाळी झाकू नका. उन्हात उभी असलेली गाडी सुरू केल्यावर काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. तुम्हाला बरं वाटतं तेच तापमान बॅटरीलाही मानवतं.

बॅटरी बदलायची झालीच तर मी गिऱ्हाइकाला तीन लाख रुपये मनात धरायला सांगतो. नेमकी किंमत त्या दिवशीचं लेखी कोटेशन घेऊनच कळेल. महिन्याला पाच हजार बाजूला टाकत गेलात तर पाच वर्षांत ते जमतात. लागले नाहीत तर तुमचेच. एकेक खराब सेल बदलून देणारे पुण्यात भेटतात. जुन्या ब्लॉकांमध्ये नवा सेल घातला की तो बाकीच्यांशी जुळत नाही आणि सहा-आठ महिन्यांत दुसरा सेल जातो, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्या वाटेला जाऊ नका.

एक बॅटरी लोक विसरतातच: डिक्कीतली साधी बारा व्होल्टची. गाडीचे संगणक जागे करायचं काम तिचं. एक वयस्कर दांपत्य मुलीकडे पाच आठवडे अमेरिकेला जाऊन आलं. परत आले तर गाडी सुरू होईना, डॅशबोर्डवर दिवे नुसते मिणमिणले. एका वर्कशॉपने न तपासता हायब्रिड बॅटरी गेली म्हणून सांगितलं, लाखांचा आकडा ऐकवला. ते काका माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. बारा व्होल्टची बॅटरी मोजली, आठ व्होल्टच्या खाली गेली होती. नवी बसवली आणि 'रेडी'चा दिवा लागला. कोणी हायब्रिड बॅटरी गेली म्हटलं की आधी बारा व्होल्टची मोजायला लावा आणि नंतर स्कॅनरवरचा ब्लॉकवार रिपोर्ट कागदावर मागा.

सर्व्हिसिंगचा खर्च फार नाही. दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला एकदा, जे आधी येईल ते. तेल झिरो डब्ल्यू सोळा ग्रेडचं, साडेचार लिटर. ते पाण्यासारखं पातळ असतं. 'आपल्या हवेला जाड तेल बरं' असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, या इंजिनाची फटच त्या तेलासाठी आहे आणि जाड तेलाने ॲव्हरेज पडतं. बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचं कूलंट वेगळं असतं, त्याची टाकी वेगळी बघा. गिअरबॉक्सचं तेल साधारण वापरात ठरावीक मुदतीने बदला असं सांगितलेलं नाही, पण मी ८० हजार ते १ लाखाच्या दरम्यान बदलतो, कारण काढलेलं तेल काळं निघतं. सगळं सरासरी धरून वर्षाला २८ हजार ठेवा.

ब्रेक पॅड ७०-८० हजार किलोमीटर सहज जातात. मात्र कमी वापरामुळे वेगळंच दुखणं येतं. पॅड क्वचित लागतो म्हणून पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना आखडतात, मग एका बाजूचा पॅड डिस्कला घासत राहतो आणि ॲव्हरेज गुपचूप एक-दीडने उतरतं. कोकणातून आलेल्या गाड्यांमध्ये हे हमखास. दर पावसाळ्यानंतर पिना काढून साफ करून ग्रीस लावा.

टायर २३५/४५, अठरा इंची. चारचा संच ६०-७० हजार आणि टिकतो साधारण ४५ हजार किलोमीटर, म्हणजे वर्षाला २६ हजार. बारीक कडांचे टायर आहेत, आपल्या खड्ड्यांत कडेला फुगे येतात. हवा दर पंधरा दिवसांनी थंड टायरला तपासा. विमा ५० हजार धरा. हायब्रिड म्हणून थर्ड पार्टी हप्त्यात साडेसात टक्के सूट असते, म्हणजे दीड लिटरवरच्या इंजिनाच्या ७,८९७ रुपयांत पाच-सहाशे रुपये, त्याने फार फरक पडत नाही. त्यापेक्षा पाणी शिरण्याचं आणि बॅटरीचं संरक्षण पॉलिसीत लिहिलंय का ते वाचा. उंदरांनी वायरी कुरतडल्याचं संरक्षणही. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला दात लागले तर जोड मारता येत नाही, पूर्ण केबल बदलावी लागते.

आता बेरीज. पेट्रोल १,१०,०००, सर्व्हिसिंग २८,०००, टायर २६,०००, विमा ५०,०००, किरकोळ १२,०००, बॅटरीसाठी बाजूला ६०,०००. एकूण २,८६,०००, किलोमीटरला सोळा रुपयांच्या आतबाहेर. यात घसारा, म्हणजे गाडीची उतरत जाणारी किंमत, धरलेला नाही. २२ लाखांना घेतलेली गाडी पाच वर्षांनी १२ लाखांना गेली असं धरलं, तर वर्षाला दोन लाख आणि किलोमीटरला अकरा रुपये. सगळं मिळून सत्तावीस.

नवी कॅम्री डिसेंबर २०२४ मध्ये ४८ लाखांना आली, एक्स-शोरूम. कंपनीचं ॲव्हरेज २५.४९, बॅटरी आता लिथियम-आयनची, ताकद २३०. गाडी सुंदर आहे. पण महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स आहे, तो आणि विमा धरून ती छप्पन-सत्तावन्न लाखांपर्यंत जाते. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा (म्हणजे कॅम्रीसारख्या, नुसत्या मोटरवरही चालू शकणाऱ्या गाड्यांचा) रोड टॅक्स माफ केला, म्हणून तिकडच्या किमती ऐकून हिशेब करू नका. पाच वर्षांनी तिचे तीस लाख आले तरी वर्षाला पाच लाखांच्या वर घसारा, किलोमीटरला तीस रुपये. ही गाडी लिटरला दोन किलोमीटर जास्त देईल, म्हणजे किलोमीटरमागे साठ-पासष्ट पैसे वाचतील. साठ पैशांसाठी एकोणीस रुपये जास्त घसारा द्यायचा का, हे तुम्ही ठरवा. नवी गाडी नवेपणासाठी आणि आठ वर्षांच्या निर्धास्तपणासाठी घ्या. पेट्रोल वाचावं म्हणून घेऊ नका.

लेक्सस ईएस ३००एच बद्दल विचारलंत. इंजिन याच घराण्यातलं, सांगाडाही त्याच मालिकेतला, अमेरिकन चाचणीत गॅलनला ४४ मैल, म्हणजे कॅम्रीपेक्षा थोडं कमी. केबिन शांत आहे आणि वेगळ्याच दर्जाची आहे. सुटे भाग आणि सर्व्हिस मात्र महाग. खर्चाचा प्रश्न पहिला असेल तर कॅम्रीच.

मी तुमच्या जागी असतो तर ही २०२० ची गाडी घेतली असती, पण २२ लाखांना नाही. बॅटरीची वॉरंटी नाही हे पुढे ठेवून वीसच्या आसपास सौदा करा.

बघायला जाल तेव्हा सकाळी, थंड इंजिनावर जा आणि मालकाला आधी गाडी सुरू करून ठेवू नका म्हणून सांगा. अधिकृत सर्व्हिसची नोंद किलोमीटरसकट काढून घ्या. हायब्रिड हेल्थ चेक तुमच्या खर्चाने, तुमच्यासमोर करा. मागची सीट उचलायला लावा आणि फिल्टर स्वतः हातात घेऊन बघा, त्यावरून मालकाची सवय कळते. मग सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीत तळमजल्याच्या गाड्या बुडाल्या होत्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते, पण बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची आडवी रेघ राहून जाते. या गाडीत बॅटरी त्याच उंचीवर, सीटखाली आहे. ती रेघ दिसली तर किंमत कितीही खाली आली तरी चावी परत द्या.